दोरीचं दुसरं टोक

धुडकू आबाची नक्कल करणं सगळ्यांत अवघड, कारण तो बोलतच नाही.

जालमसिंग ड्रायव्हरची नक्कल सोपी. गालात तंबाखूचा तोबरा आहे असं समजायचं, एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढल्यासारखी तिरकी करायची आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट हॉर्नसारखं लांबवायचं. सोहोनी ओव्हरसियर त्याहून सोपे. श्वास नाकातून घ्यायचा, हनुवटी वर ठेवायची आणि दर दोन शब्दांमागे एक ‘म्हणजे’ टाकायचा. फाट्यावरच्या चहावाल्या फुलवंताबाईसाठी तर एक कपबशी हातात असली तरी पुरे. ती आपटली की निम्मी फुलवंताबाई झाली.

धुडकू आबाकडून मात्र दिवसभरात मिळतं ते एक ‘हं’. ते कधी हो असतं, कधी नाही, कधी ‘चहा गोड शे’, कधी ‘माले एकटं ऱ्हाऊ द्या’. हनुवटी छातीला टेकवून, डावा डोळा मिटून, घशाच्या तळातून काढायचं. इतकं सगळं केलं तरी ऐकणारा विचारतो, हा कोण?

डावा डोळा मिटायचा, कारण आबाला तो नाहीच. आबा मूळचा रनाळ्याचा. बायको लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी वारली, शेत भावाकडे राहिलं, आणि १९५० साली हा सुरत-धुळे रस्त्यावर खडी फोडायला लागला. चार वर्षं फोडली. चौथ्या वर्षी दगडाची कपची उडून डोळ्यात गेली. तेव्हाच्या साहेबाला दया आली आणि त्यानं हातोडा काढून घेऊन आबाच्या हातात कुंचा दिला. तेव्हापासून कोंडाईबारीच्या घाटापासून नवापूरपर्यंत रस्त्यावर पांढरं म्हणून जे काही दिसतं, ते आबाच्या हातचं. मैलाचे दगड, मोऱ्यांचे कठडे, कडेच्या झाडांचे पट्टे, आणि मुख्य म्हणजे डांबराच्या मधोमध जाणारी रेघ.

रेघ सगळीकडे नसते. वळणावर असते, पुलाच्या तोंडाशी असते, आणि चढाच्या माथ्यावर असते, जिथं समोरून येणारा दिसत नाही. दसरा झाला, पावसानं धुतलेलं डांबर वाळलं, की आबा हातगाडीवर चुन्याचा पिंप, दोरी आणि कुंचे घालून निघतो. जून उजाडेपर्यंत तो रस्त्यावरच. मैलामैलावरच्या खात्याच्या चौक्यांत झोपतो, तीन दगडांवर भाकरी भाजतो. आखाजीच्या सणाला एक दिवस रनाळ्याला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत येतो. एकदा फुलवंताबाईनं विचारलं, “काबरं आबा, दोन दिवस ऱ्हाता नही येत? भाऊ हाकली देस का?”

“हं,” आबा म्हणाला. हे हो होतं की नाही, ते तिला अजून ठरवता आलेलं नाही.

रेघ मारायची रीत अशी. चुना भिजवायचा, त्यात डिंकाचं पाणी घालायचं आणि दोन मुठी खडं मीठ टाकायचं. मीठ नसलं तर चुना आठ दिवसांत पापुद्र्यानं उठतो. त्यात जाड सुती दोरी बुडवायची आणि रस्त्याच्या मधोमध ताणून धरायची. एक टोक एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या. मग दोरी मध्ये चिमटीत उचलून सोडली, की ती फट्‌कन डांबरावर बसते आणि एक बारीक पांढरा ओरखडा उमटतो. त्या ओरखड्याच्या दोन्ही अंगांना कुंच्यानं चार बोटं चुना भरला, की झाली रेघ.

म्हणजे कामाला माणसं दोन लागतात. दुसरं टोक नऊ वर्षं चिंधाच्या हातात होतं.

चिंधा नवापूरकडच्या डोंगरातला, आंबापाड्याचा. आबाहून दहा वर्षांनी लहान, बोलायला आबाइतकाच कंजूष. दोघांत पन्नास पावलांचं अंतर, वरून लॉऱ्यांचा आवाज, त्यामुळे ओरडून उपयोग नव्हता. त्यांनी दोरीचीच भाषा करून टाकली होती. एक झटका म्हणजे ताण. दोन म्हणजे जरा सरक. तीन म्हणजे टोकावर दगड ठेव आणि तंबाखू खायला ये. पावसाळा सोडून नऊ वर्षं ही माणसं अशी झटक्यांनी बोलत होती. दिवसाकाठी तोंडानं दहा वाक्यं बोलले असतील तर खूप. आबा त्याला ‘चिंध्या’ म्हणायचा, चिंधा त्याला ‘दादा’. भाकरी मात्र एकाच तव्यावरची.

चिंधाबद्दल सगळ्या रस्त्याला एक गोष्ट माहीत होती. तो दारूला शिवत नव्हता. आंबापाड्यात ख्रिस्ती मंडळीची प्रार्थना भरते. त्या मंडळीत आलेल्या घरांनी दारू सोडलेली, आणि रविवारी प्रार्थनेचं गाणं काढायचं काम चिंधाचं. तो पहिली ओळ म्हणणार, मग बाकीचे उचलणार. म्हणून शनिवारी संध्याकाळी तो कुठेही असला तरी गावाकडे चालायला लागायचा. होळीत सगळी टोळी मोहाची दारू पिऊन पडलेली असायची, तेव्हा मुकादम त्यालाच पहाऱ्याला बसवायचा.

हे आबाइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. आणि दारूचं खोटं आबाच बोलला.

१९६३ च्या जानेवारीत ते विसरवाडीच्या पुढच्या चढावर रेघ मारत होते. चढाच्या अलीकडे आबा, पलीकडे चिंधा, दोरी माथ्यावरून गेलेली, आणि दोघं एकमेकांना दिसत नव्हते. आबानं दोरी मारली, ओरखडा उमटला. तो खाली मान घालून कुंच्यानं भरत सुटला. भरता भरता माथ्यावर पोचला, तर समोरून चिंधा हात झटकत येतोय.

“तू काबरं उना?” आबा म्हणाला.

“तू बलावं ना. तीन झटका उनात, दादा.”

“मी नही दिन्हात.”

“उनात. मी मोज्यात. दगड ठेवीसन उनू.”

आबानं पलीकडं पाहिलं, मग मागं वळून. दोरीवर ठेवलेला दगड आबानं दोरी मारायच्या आधीच उतारानं घसरला होता, त्याच्यासोबत दोरी घसरली होती, आणि नुकतीच भरलेली रेघ माथ्याकडे येता येता मधली बाजू सोडून दरीच्या अंगाला दीड हात सरकली होती. तिच्यावर विश्वास ठेवून कुणी गाडी घातली असती तर खालच्या ओढ्यात गेला असता.

आणि नेमकी तेव्हाच खात्याची जीप आली. सोहोनी ओव्हरसियर, आणि त्यांच्या शेजारी धुळ्याहून आलेले मोठे साहेब, ज्यांच्यासमोर सोहोनीसाहेबांची हनुवटी पहिल्यांदाच खाली होती.

“म्हणजे धुडकू, हे काय आहे म्हणजे? ही रेघ आहे की गांडूळ?”

आबानं हातातला कुंचा खाली केला.

“म्हणजे ज्याला सरळ रेघ मारता येत नाही, त्याला म्हणजे पुन्हा खडीवर पाठवायचं का, हे मोठे साहेब विचारताहेत.” मोठे साहेब काहीच विचारत नव्हते. ते घड्याळ पाहत होते. पण ‘खडी’ हा शब्द आबाच्या कानात गेला. उरलेला एक डोळा त्यानं मिटला आणि उघडला, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच न विचारता पूर्ण वाक्य बोलला.

“साहेब, तो पियेल शे.”

सोहोनीसाहेबांनी चिंधाकडे पाहिलं. वास घेतला नाही, जवळ बोलावलं नाही, काही विचारलं नाही. “हां. म्हणजे या डोंगरातल्या लोकांचं हे असंच,” ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांच्याकडे आधीपासून तयारच होतं. “नाव काढा याचं.”

चिंधा म्हणाला, “दादा, तीन उनात ना? रस्तावर कोणी नव्हतं. बकऱ्या व्हत्यात फक्त.”

आबानं चुन्याच्या पिंपात पाहिलं. चिंधानं हाताचा चुना धोतराला पुसला, आपली भाकरीची फडकी उचलली आणि गेला. खात्याच्या कागदावर लिहिलं गेलं: कामावर असताना मद्यप्राशन.

त्यानंतर आबाला दुसरा माणूस मिळाला. तो दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपायचा. त्याच्या जागी तिसरा आला, तो महिन्याभरात सुरतेला पळाला. मग आबानं मोडक्या पहारेची एक खुंटी करून घेतली. खुंटी डांबरात ठोकायची, तिला दोरी बांधायची, पन्नास पावलं चालत यायचं, ताणायचं, मध्ये जाऊन मारायचं, परत खुंटीकडे जाऊन ती उपटायची. एका रेघेला चार फेऱ्या. वर्षभरात त्याच्या टाचांना भेगा पडल्या. पण खुंटी झोपत नव्हती आणि सुरतेला जात नव्हती.

पण आबाची जीभ मात्र जुन्या सवयीची. दोरी ताणली की तोंडातून निघून जायचं, “धर रे!” मग तो एका डोळ्यानं इकडंतिकडं पाहायचा, कुणी ऐकलं का. जालमसिंगनं ऐकलं. नंदुरबारची गाडी घेऊन जाताना ऐकलं आणि तिथून पुढं रोज, आबा दिसला की मान खिडकीबाहेर.

“आबाऽऽ! तुन्हा जोडीदारले बी पाज ना चहाऽऽ! दिनभर हुभा शे बिचाराऽऽ!”

सगळी गाडी हसायची. आबा रस्ता द्यायला बाजूला व्हायचा, गाडी गेली की चाकांनी फरफटवलेली दोरी परत ताणायचा.

असा एक हंगाम गेला. दुसऱ्या हंगामात एका बाजाराच्या दिवशी फुलवंताबाईनं त्याच्यासमोर कप ठेवला. आपटला नाही, ठेवला. तेव्हाच कळायला हवं होतं की काहीतरी आहे.

“आबा, पारुबाई भेटनी माले बाजारमा. चिंध्यानी बायको. चिंचा इकी ऱ्हायनी व्हती.”

“हं.”

“चिंध्याले मंडळीमा मांगे दारजोडे बसाडेल शे. दोन वरीस व्हई गयात. गाणं बी काढू देतस नही. तो सांगस मी पिनू नही, ते सांगतस सरकारना कागदवर लिखेल शे. सरकार काय खोटं लिखी का?”

आबानं चहा बशीत ओतला.

“तुले आईकू उनं का मी काय सांगी ऱ्हायनू?”

“दोरी तं त्यानीच सोडी ना,” आबा म्हणाला.

“दोरी सोडी, दारू तं नही पिना!”

आबानं बशीतला चहा परत कपात ओतला, कप तसाच ठेवला आणि उठून गेला. फुलवंताबाई म्हणते, त्या दिवसापासून तो फाट्यावर थांबायचाच बंद झाला. लांबून हातगाडी ढकलत निघून जायचा. तीन आठवडे कुणाशी एक ‘हं’सुद्धा नाही. दोरी चिंधानं सोडली, एवढंच काय ते त्याच्यापाशी होतं, आणि तेवढं धरून तो उभा होता. त्यानं दोरी विनाकारण सोडली, म्हणून रेघ वाकडी झाली, म्हणून मी बोललो. दारूचं खोटं असलं तरी चूक त्याचीच.

मग १९६५ चा जानेवारी आला, आणि पुन्हा तोच चढ.

यंदा माथ्यापलीकडे खुंटी. आबा अलीकडे बसून दोरी ताणत होता. दुपारची वेळ, रस्त्यावर गाडी नाही, वारा नाही. आणि हातातल्या दोरीला झटका बसला. एक. मग जरा थांबून दुसरा. मग तिसरा.

हे सगळं आबानंच पुढे सांगितलं, म्हणजे तो जितकं सांगतो तितकं. खुंटी काही तंबाखूला बोलावत नाही. पहिला विचार आला तो चिंधाचा, की तो मेला असेल आणि आला असेल. दोरी सोडायचं धाडस होईना. ती हातात धरूनच तो एकेक पाऊल टाकत चढ चढला आणि माथ्यावरून पलीकडे पाहिलं.

एक बकरी होती. करडी, एका शिंगाची. तिनं दोरी तोंडात धरली होती, मान हिसडून ओढत होती, मग सोडून चाटत होती, पुन्हा धरत होती. तिची दाढी चुन्यानं पांढरीफट झाली होती. मीठ चाटायला आली होती ती. मागं आणखी चार-पाच रांगेत उभ्या, आपला नंबर कधी लागतो पाहत.

आबा रस्त्याच्या मधोमध बसला.

जालमसिंगची गाडी आली. त्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग गाडी थांबवून मान बाहेर काढली.

“अय आबाऽऽ! मरानं शे काऽऽ? रस्तावर काबरं बठनाऽऽ?”

“जालमसिंग, बकरी.”

“दखाई ऱ्हायनी माले! मंगऽऽ?”

“बकरीनी दिन्हात.”

“काय दिन्हातऽऽ? दूध?”

“झटका. तीन. चिंध्या खरं बोलना.”

जालमसिंगला काही समजलं नाही. तो खाली उतरला, आबाला हाताला धरून कडेला बसवलं, गाडीत चढला आणि फाट्यावर येऊन सांगितलं, “आबानं डोकं फिरनं रे! बकरीसंगे बोली ऱ्हायना!” मात्र त्या दिवसापासून खुंटीला चहा पाजायचं बोलणं त्यानं बंद केलं. का, ते तोही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा नवापूरला सोहोनीसाहेबांच्या कचेरीत गेला. साहेब, त्यांचा कारकून, मधे एक टेबल. हे संभाषण कारकुनानं इतक्यांदा सांगितलंय की आता ते सगळ्यांना पाठ आहे.

“म्हणजे तू खोटं बोललास म्हणजे?”

“हं.”

“मोठ्या साहेबांसमोर म्हणजे?”

“हं.”

“म्हणजे मी जे वर कळवलं ते म्हणजे खोटं. म्हणजे मी खोटा.”

इथं आबानं ‘हं’ म्हटलं नाही, एवढी अक्कल त्याला होती.

साहेबांनी आवाज खाली आणला. “हे बघ, दोन वर्षं झाली. कुणी विचारत नाही. तू काही बोलला नाहीस, मी म्हणजे काही ऐकलं नाही. जा.”

“कागद पाहिजे, साहेब. तो पियेल नव्हता आसा.”

“कागद लिहून दिलास तर म्हणजे कुंचा राहणार नाही तुझ्या हातात. खोटी माहिती दिली म्हणून खडीवर जाशील. एक डोळा म्हणजे आधीच देऊन बसलायस तिथं.”

“हं.”

“हा कोणता हं?”

“लिखा, साहेब.”

साहेब खुर्चीत मागं रेलले. “आणि त्याला कामावर परत घ्या असं म्हणायचं असेल, तर ती जागाच राहिली नाही आता. एका माणसात आणि एका खुंटीत म्हणजे काम भागतं, हे तूच तर दाखवून दिलंस. ती जागा गेल्या वर्षीच कमी केली.”

कारकून म्हणतो, एवढं ऐकल्यावर मात्र आबानं खुर्चीची पाठ धरली. मग पुन्हा म्हणाला, “लिखा.”

कारकुनानं दोन प्रती लिहिल्या. अंगठा उमटवायची वेळ आली तेव्हा नवीच अडचण. अकरा वर्षं चुन्यात बुडालेला तो अंगठा, त्यावर ठसाच नाही. तीनदा शाई लावली, तीनदा नुसता काळा गोळा. “अरे याला रेषाच नाहीत, साहेब!” कारकून म्हणाला. शेवटी डाव्या हाताची करंगळी टेकवून भागवलं. सोमवारपासून आबाचं नाव खडीच्या टोळीत लागलं.

रविवारी सकाळी तो जालमसिंगच्या गाडीत चढला. जालमसिंगनं कंडक्टरला तिकीट मागू दिलं नाही. मधल्या फाट्यावर उतरवून दिलं आणि म्हणाला, “वर दोन कोस शे. नाला वलांडीसन डावीकडे.” या वाक्याला त्यानं शेपूट लावलं नाही.

आंबापाड्याची प्रार्थनेची जागा म्हणजे बांबूच्या कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या, वर कौलं. आत मंडळी बसलेली. दाराच्या आत, उंबऱ्याशी, चपलांच्या शेजारी चिंधा. आधी आबालाच तो ओळखू आला नाही. केस पांढरे झाले होते. चिंधानं मात्र पाहिल्याबरोबर सवयीनं म्हटलं, “दादा?”

मग त्याचा चेहरा बंद झाला.

आबा उंबऱ्यापाशी वाकला. “चिंध्या, बकरी व्हती रे. मीठ चाटी ऱ्हायनी व्हती. तीन झटका तिनीच...”

“माले काय सांगस?” चिंधा हळूच म्हणाला. “माले तं तव्हढंच माहीत व्हतं, की मी पिनू नव्हता. त्यास्ले सांग.”

आतून दिवाल्या उठला. हा मंडळीचा म्होरक्या, म्हातारा, चौथी शिकलेला. बाहेरचं कुणी आलं की तो शाळेच्या पुस्तकातला धडा वाचावा तसं बोलतो, प्रत्येक शब्द वेगळा, प्रत्येक शब्दानंतर जरा थांबून.

“पाहुणे. आपण. कोठून. आलात?”

आबानं आत येऊन कागद पुढं केला. दिवाल्यानं तो उजेडाकडे धरला आणि मोठ्यानं वाचला. “मी, धुडकू, राहणार रनाळे, मैलकुली, असे लिहून देतो की, सदर इसम चिंधा याने कामावर असताना मद्यप्राशन केलेले नव्हते. मी भीतीपोटी खोटे सांगितले, त्याबद्दल खडीवर जाणे मला मान्य आहे.” वाचून झाल्यावर आत कुणी हललं नाही, कारण कुणाला काही कळलं नव्हतं. मग दिवाल्यानं तेच त्यांच्या बोलीत सांगितलं. तिथं मात्र गलका झाला. बायकांच्या बाजूला पारुबाई होती, तिनं पदर तोंडाला लावला.

एकजण मागून काहीतरी म्हणाला. दिवाल्यानं ते मराठीत आणलं. “हा विचारतो. मग. दोरी. कोणी. ओढली?”

“बकरीनी,” आबा म्हणाला.

हा शब्द कुणी बोलीत करून सांगायची गरज पडली नाही. आधी एक पोरगी हसली, मग सगळी मंडळी हसली. दिवाल्याही हसला, धड्याबाहेरचं, दात नसलेलं. आबा हातात टोपी घेऊन हसण्याच्या मधोमध उभा. तो हसला नाही, आणि चिंधाही हसला नाही. हसणं थांबेपर्यंत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि नंतरही.

मग दिवाल्यानं चिंधाला हात केला.

चिंधा उठला. गुडघे धरून, सावकाश. आबा वाटेतच उभा होता. जवळून जाताना चिंधा थांबला. आबाच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. ‘येशी का परत’ असं काहीतरी असणार, पण परत यायला जागाच नव्हती आणि ती कुणी घालवली हेही त्याला माहीत होतं. ते त्यानं गिळलं.

“डोळाले सांभाळ,” चिंधा म्हणाला. “आते जाय घर.”

रागानं म्हणाला का मायेनं, ते आबालाही सांगता येत नाही. त्यानं तो आवाज काढून दाखवायचा प्रयत्न केला होता फुलवंताबाईसमोर. जमला नाही.

चिंधा पुढं गेला, पहिल्या रांगेच्याही पुढं, आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला. घसा खाकरला. मग गाणं काढलं.

नऊ वर्षं एका तव्यावरची भाकरी खाऊन आबानं तो आवाज कधी ऐकला नव्हता. पातळ, उंच, बाईचा वाटेल असा. शब्द त्याला कळत नव्हते. दुसऱ्या ओळीला मंडळीनं उचललं आणि चिंधाचा आवाज त्या सगळ्यांच्या वर तरंगत राहिला.

आबा उंबऱ्याबाहेर आला. आत कुणाचं लक्ष नव्हतं, पारुबाईचंसुद्धा. त्यानं टोपी घातली आणि उतरायला लागला. पाड्याच्या कुत्र्यांनी त्याला शेवटच्या झोपडीपर्यंत पोचवलं. गाणं चालूच होतं. नाल्यापाशी आला तरी वरून तो एक आवाज ओळखू येत होता. दुपारची गाडी गाठायची तर थांबायला वेळ नव्हता. तरी तो पाण्याच्या काठावर उभा राहिला, चपला हातात घेऊन, गाणं संपेपर्यंत. संपल्यावर आणखी थोडा थांबला, दुसरं सुरू होतंय का पाहत. नाही झालं. मग त्यानं धोतर वर खोचलं आणि पाण्यात पाय टाकला.